सिंगापुरात पाण्याच्या कडेने सायकल: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त सिंगापुरात आलेल्या मराठी घरांत सायकलचा विषय साधारण पहिल्या काही महिन्यांतच निघतो. घर लागलेलं असतं, मुलांची शाळा मार्गी लागलेली असते, आणि संध्याकाळी खिडकीतून कालव्याच्या कडेने जाणारे सायकलवाले दिसत असतात. मग प्रश्न सुरू होतात. कोणती सायकल घ्यायची, गाड्यांच्या रस्त्यावर जावं लागतं का, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, जमेल का, या उकाड्यात कोण चालवणार? हा लेख या प्रश्नांपुरता आहे. पहाटे उठून शंभर किलोमीटर मारणाऱ्यांचं जग वेगळं, त्यांना मार्गदर्शनाची गरज नसते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. इथे पहिली सायकल पाण्याच्या कडेने चालवा, आणि पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला चालवा. एक नदी धरा आणि ती जिथे संपते तिथपर्यंत जा. सुरुवातीला चार प्रसिद्ध जागा पाहण्यापेक्षा यातून शहर जास्त कळतं. रस्ता चुकायची भीतीही फारशी राहत नाही.

वाटा पाण्याकडेनेच का आहेत

सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो मुंबईसारखा चार महिन्यांत न पडता वर्षभर कधीही कोसळतो. ते पाणी वाहून नेण्यासाठी नद्या, कालवे आणि गटारं मिळून जवळपास ८,००० किलोमीटरचं जाळं आहे. बेटाच्या दोन-तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गोळा करून १७ जलाशयांत साठवलं जातं. या कालव्यांच्या दोन्ही कडांना देखभालीसाठी जमिनीची पट्टी मोकळी ठेवावी लागते. तिथे इमारत बांधता येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मोकळ्या पट्ट्या वापरून एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात जाणाऱ्या वाटा करायला घेतल्या गेल्या. त्यांना पार्क कनेक्टर म्हणतात, बोलताना सगळे पीसीएन म्हणतात. आज हे जाळं ३०० किलोमीटरच्या कितीतरी पुढे गेलं आहे.

याचा थेट फायदा तुम्हाला होतो. पाणी उतार शोधत जातं, त्यामुळे त्याच्या कडेची वाट जवळजवळ सपाट असते. चढ येतो तो फक्त पुलांपाशी. कडेला झाडं असतात, मोटारी नसतात, आणि अधूनमधून बाक, नळ, स्वच्छतागृह मिळत जातं. तुमचं घर कुठेही असो, थोडं चाललात की एखादा कालवा लागतोच. तो कुठून येतो आणि कुठे जातो हे नकाशावर बोट ठेवून पाहा, तुमच्या बऱ्याच फेऱ्या तिथेच ठरतील.

आधी भाड्याची सायकल घ्या

पहिल्या महिन्यात सायकल विकत घेऊ नका. रस्त्यालगत उभ्या असलेल्या एनीव्हील किंवा हॅलोराइडच्या सायकली फोनवरच्या ॲपने उघडतात. अर्ध्या तासाला साधारण १ डॉलर पडतो. या सायकली जड असतात, पण पाण्याकडेच्या सपाट वाटेवर त्याचं काही वाटत नाही. मोठा फायदा म्हणजे त्या परत आणाव्या लागत नाहीत. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, पूर्ण आकाराची सायकल नेता येत नाही; घडीची, १२० गुणिले ७० गुणिले ४० सेंटिमीटरमध्ये मावणारी असेल तरच चालते. म्हणजे स्वतःच्या सायकलवर जितकं गेलात तितकं परत यावंच लागतं. भाड्याची सायकल मात्र शेवटी पिवळ्या चौकटीत लावायची, तिथला क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि ट्रेनने घरी यायचं. नदीच्या मुखापर्यंत एकमार्गी जाण्याची जी पद्धत मी सुचवतोय, ती यामुळेच शक्य होते.

चौकटीबाहेर सायकल सोडली किंवा कोड स्कॅन केला नाही तर ५ डॉलर कापले जातात. उतरल्यावर आपण घाईत असतो आणि नेमकं हेच राहून जातं.

सायकल घेण्याआधी एक मिनिट द्या. अंगठ्याने टायर दाबून पाहा. दबला तर ती सोडून शेजारची घ्या. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा, चाक जागच्या जागी अडलं पाहिजे. मग सीट. नवख्या माणसाची निम्मी दमणूक चुकीच्या सीटमुळे होते. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून लोक सीट खाली घेतात आणि दोन किलोमीटरवर गुडघे धरून बसतात. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना आपण चवड्याने पेडल मारतो, तेव्हा गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. या उंचीवर थांबल्यावर जमिनीला फक्त चवडे टेकतात. पहिल्या दिवशी ते अवघड वाटतं. त्याची सवय करून घ्या, सीट खाली घेऊ नका.

वेळ आणि आभाळ

विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. चालवण्याजोगे तास दोनच: सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात झाडांखालूनही अंग भाजतं. घाम वाळत नाही, कारण हवेत दमटपणा फार असतो. पाण्याची बाटली अर्ध्या तासात रिकामी झाली तर प्रमाण बरोबर आहे असं समजा. उद्यानांतल्या नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. लांब जायचं असेल तर घरून लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी न्यावं. दुकानातल्या रंगीत पेयांपेक्षा ते केव्हाही बरं.

पावसाचं वेळापत्रक थोडं समजून घ्यावं लागतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी आभाळ भरून येतं आणि विजांसह धो धो पाऊस होतो, म्हणून त्या महिन्यांत सकाळ बरी. पण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सुमात्रा बेटाकडून येणारी वादळंही असतात, आणि ती नेमकी पहाटे किंवा सकाळी धडकतात. पश्चिमेला क्षितिजावर काळी पट्टी दिसली, वारा एकदम गार झाला की फार वेळ हातात नसतो. निघण्यापूर्वी मायइएनव्ही ॲपवर पावसाचा रडार पाहायचा. इथे विजा फार पडतात. गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली उभं राहू नका, मोकळ्या गवतावरही नको. जवळच्या इमारतीच्या तळमजल्यावर जा. सरकारी वसाहतींच्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो, त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. कालव्याच्या कडेने जात असाल तर तो बहुतेक शंभर-दोनशे मीटरवर सापडतो.

नियम, जे पहिल्याच दिवशी लागतात

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे वेगळी सवय करावी लागत नाही. पार्क कनेक्टर आणि सायकल मार्गावर वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे, पदपथावर १०. फिरायला जाणाऱ्याचा वेग बारा-पंधरा असतो, म्हणजे पीसीएनवर मर्यादा ओलांडायचा प्रश्न येत नाही. पदपथावर मात्र येतो. तिथे १० म्हणजे जेमतेम धावणाऱ्या माणसाइतका वेग. १ जुलै २०२५पासून जिथे पदपथाला लागूनच सायकल मार्ग आहे, तिथला पदपथ फक्त चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. जमिनीवरच्या खुणा पाहून आपल्या मार्गावरच राहा.

अंधार पडला की पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, नकाशा पाहायचा तर कडेला थांबायचं. हेल्मेट रस्त्यावर सक्तीचं आहे, पार्क कनेक्टरवर नाही. तरी घाला, आणि मुलांना तर घालाच. कोणाला धक्का लागला तर थांबून मदत करणं आणि आपली माहिती देणं हे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णवाहिकेचा नंबर ९९५. इलेक्ट्रिक सायकलचं प्रकरण निराळं: तिची नोंदणी लागते, चालवणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते आणि ती पदपथावर चालत नाही. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

कायद्यात नसलेला, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा नियम घंटीचा. आपल्याकडे घंटी म्हणजे ‘बाजूला व्हा’. इथे ती ‘मी मागून येतोय’ इतकंच सांगण्यापुरती असते. पाठीशी पोहोचून जोरात वाजवली की समोरची आजी दचकते आणि नेमकी तुमच्याच बाजूला सरकते. दहा-पंधरा मीटर अलीकडे एकदाच हलकी वाजवा, पाय थांबवा, आणि उजवीकडून सावकाश पुढे जा. कानात इअरफोन घातलेल्या माणसाला ती ऐकूच जाणार नाही, तिथे वेग चालण्याइतका करा. लहान मूल, पट्ट्यावरचा कुत्रा, वॉकर घेऊन फिरणारे आजोबा दिसले की ब्रेकवर बोटं आलीच पाहिजेत. या वाटा आधी त्यांच्या आहेत. सकाळी सातला तिथे ताई-ची हा चिनी व्यायाम करणारे ज्येष्ठ, मुलांना सोडायला निघालेल्या आया आणि मासे धरायला बसलेले काका आपल्या कितीतरी आधीपासून रोज येतात.

पहिली फेरी: कलांग

कलांग ही सिंगापूरची सगळ्यांत लांब नदी, आणि ती आहे अवघी १० किलोमीटर. लोअर पियर्स जलाशयापाशी सुरू होते आणि शहराच्या दक्षिणेला मरीना जलाशयात विरते. एका सकाळी एक अख्खी नदी पाहून होते, अशी सोय फार कमी शहरांत असेल.

बिशान स्टेशनला उतरा. तिथून बिशान-आंग मो कियो पार्क चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्टेशनपाशीच सायकल मिळाली तर चालत जायचीही गरज नाही. उद्यानात शिरलात की घाई करू नका. पूर्वी इथे नदी नव्हती, सरळसोट सिमेंटचा २.७ किलोमीटरचा कालवा होता. एका बाजूला उद्यान, मध्ये कुंपण घातलेला कालवा, पलीकडे वसाहत. तो कालवा फोडून तिथे ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी घडवली आणि २०१२ मध्ये उद्यान पुन्हा खुलं झालं. काठ दगड, माती आणि मुळं धरून ठेवणाऱ्या झुडपांनी बांधले आहेत. लोक थेट पाण्यापर्यंत उतरतात, मुलं छोट्या जाळ्या घेऊन मासे पकडतात. काठावरचं उतारतं गवत फक्त बसायला नाही. मोठा पाऊस झाला की नदी पसरून त्या गवतावर येते, आणि पाणी ओसरलं की ते पुन्हा उद्यान होतं. म्हणून तिथे भोंगे आणि लुकलुकणारे दिवे बसवले आहेत. ते सुरू झाले की लगेच वर यायचं.

या नदीत पाणमांजरांची कुटुंबं राहतात. सकाळी लवकर गेलात आणि नशीब असेल तर दिसतात: आधी पाण्यावर बुडबुड्यांची रेघ, मग चपटी डोकी, मग काठावर येऊन अंग झटकणं आणि मासा डोक्याकडून कचाकचा चावून खाणं. त्या आवाजानेच बऱ्याचदा कळतं की ते जवळ आहेत. सायकलवरून उतरा, दहा-बारा मीटर लांब उभे राहा, मुलांना पुढे पाठवू नका. पिल्लं सोबत असली तर मोठी पाणमांजरं अंगावर येतात. वाटेवर पसरलेली घोरपडही भेटेल. आपल्या घोरपडीपेक्षा ही जात बरीच मोठी होते. ती काही करत नाही, पण तिच्या शेपटीवरून चाक नेऊ नका. थांबलं की ती आपल्या गतीने उतरून जाते. प्राण्यांना खायला घालायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे कबुतराला, माकडाला दाणे टाकणं पुण्याचं मानतात, इथे त्याला मोठा दंड आहे.

उद्यान संपलं की कलांग पार्क कनेक्टर सुरू होतो आणि नदी पुन्हा सिमेंटच्या काठांत शिरते. इथून पुढे ब्रॅडेल रोड, तोआ पायो, पोतोंग पासिर अशी वस्ती लागत जाते. एका बाजूला वसाहतींच्या मागच्या बाजू असतात: वाळत घातलेले कपडे बांबूवर, खालच्या मजल्यावर कुंड्या, कोणाच्या तरी पिंजऱ्यातला पक्षी. सिंगापूरचा हा भाग पर्यटकाला दिसत नाही, आणि मला याच भागासाठी ही वाट आवडते.

या टप्प्यात मोठे रस्ते आडवे येतात. काही ठिकाणी वाट पुलाखालून जाते, काही ठिकाणी सिग्नलवर थांबून ओलांडायचं, तर काही ठिकाणी पादचारी पुलावरून सायकल ढकलत न्यायची. बिशानपासून शहराच्या मध्यापर्यंत न थांबता जाता यावं म्हणून नवे सायकल पूल आणि भुयारी मार्गांची कामं इथे काढलेली आहेत, त्यामुळे वळणाचे फलक बदलत असतात. नकाशापेक्षा फलकावर विश्वास ठेवा. वाट हरवली असं वाटलं तर पाणी शोधा. उजवीकडे नसेल तर डावीकडे असतं. ‘उतरून ढकला’ असं लिहिलं असेल तिथे खरंच उतरा.

पुढे कोलम आयर. इथे कालव्याकाठी बसायला लाकडी फळ्यांचे कट्टे आहेत, पहिला मोठा विसावा इथे घ्यावा. मग नदी रुंद होत जाते, आणि कलांग रिव्हरसाइड पार्कपाशी एकदम मोठं पाणी समोर येतं. समोर राष्ट्रीय स्टेडियमचा घुमट, पाण्यावर ड्रॅगनबोटींचा सराव आणि ढोलाचा ठेका. याच पाण्याकाठी १९३७ मध्ये कलांग विमानतळ सुरू झाला होता, आणि समुद्री विमानं याच पाण्यावर उतरत. त्यानंतरच्या काळात मात्र ही नदी घाण होत गेली. डुकरांच्या आणि बदकांच्या शेती, काठावरचे छोटे कारखाने, झोपड्या, सगळ्यांचं सांडपाणी थेट पात्रात जायचं. १९७७ मध्ये सरकारने सिंगापूर नदी आणि कलांगचं पात्र दहा वर्षांत साफ करायचं ठरवलं, आणि १९८७ मध्ये ते काम पुरं झालं. हजारो कुटुंबं आणि धंदे त्यासाठी हलवले गेले. मुठेकाठी किंवा मिठीकाठी वाढलेल्या माणसाला इथे उभं राहून बरंच काही वाटतं, मला तरी दर वेळी वाटतं.

इथपर्यंत आठ-नऊ किलोमीटर होतात. पहिल्या दिवशी इथेच थांबा. कलांग किंवा स्टेडियम स्टेशनपाशी सायकल लावा आणि ट्रेन धरा. थांबत-बघत आलात तर दीड-दोन तास जातात, आणि पायांत थोडी रग शिल्लक असताना थांबलेलं चांगलं; म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा निघावंसं वाटतं. भूक लागली असेल तर लिटल इंडिया इथून जवळ आहे. सरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, तिथे डोसा आणि फिल्टर कॉफी मिळते. चिनी-मलय पदार्थ चालत असतील तर कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या सार्वजनिक मंडईत, काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला) आणि थंड तेह, म्हणजे चहा, घ्या. शाकाहारी माणसाची पंचाईत हॉकर सेंटरमध्ये होते खरी, पण प्राताचा, म्हणजे इथल्या पराठ्याचा, स्टॉल बहुतेक ठिकाणी असतो.

दुसऱ्या फेरीत याच जागेपासून पुढे जा. स्टेडियमला वळसा घालून तांजोंग रू, तिथून गार्डन्स बाय द बेचा पूर्वेकडचा भाग, आणि मग मरीना बॅराज. ३५० मीटर रुंदीच्या खाडीच्या तोंडावर नऊ दरवाजे बसवून २००८ मध्ये हा बंधारा सुरू झाला. एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र. बिशानच्या गवतावर पडलेला पाऊस शेवटी इथे येतो आणि घराघरांतल्या नळांपर्यंत जातो. ओहोटी असताना मोठा पाऊस झाला तर दरवाजे उघडून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर मोठे पंप लावून ते बाहेर फेकतात. बंधाऱ्याच्या इमारतीचं छप्पर हिरवळीचं आहे आणि संध्याकाळी तिथे लोक पतंग उडवतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर पतंग बरोबर ठेवा.

पुलाखालची वाट

पार्क कनेक्टरवरची सगळ्यांत फसवी जागा म्हणजे पुलाखालचा उतार. रस्ता वरून जातो, वाट कालव्याच्या कठड्याला चिकटून खाली उतरते, पुलाच्या पोटाखालून जाते आणि पलीकडे वर येते. उन्हातून एकदम सावलीत शिरल्यावर डोळ्यांना दोन क्षण काही दिसत नाही, आणि वळणापलीकडून कोणी येत असेल तर तेही दिसत नाही. छत ठेंगणं असतं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांवर उंची लिहिलेली असते. उंच माणसाने मान घालूनच जावं.

मोठ्या पावसानंतर ही वाट पाण्याखाली जाते. पाऊस थांबल्यावर अर्ध्या-एक तासाने पाणी उतरतं, पण गाळ मागे राहतो. कठड्याच्या गजांना अडकलेली पानं आणि काड्या पाहा: त्यांची ओळ जिथे आहे तिथपर्यंत पाणी आलं होतं. ती ओळ ओली आणि हिरवी असेल तर पूर कालपरवाचा. अशा वेळी खालचं सिमेंट बुळबुळीत असतं आणि त्यावर ब्रेक मारणं म्हणजे साबणाच्या वडीवर चाक ठेवणं. उताराच्या आधीच, कोरड्या जागी वेग कमी करा, हँडल सरळ धरा, गाळात पेडल मारू नका. खात्री नसेल तर उतरून चाला. आणि खाली पाणी साचलेलं असेल, कितीही उथळ दिसो, त्यात शिरू नका. वरून रस्ता ओलांडून जा. कालव्याचं पाणी इथे फार वेगाने चढतं. दहा मिनिटांपूर्वी घोट्याएवढं होतं, ते आता कठड्याला लागलेलं असतं. पाऊस डोक्यावर नसला तरी वरच्या अंगाला पडत असेल तर हेच होतं, म्हणून रडार पाहताना आपल्या जागेवरच नजर ठेवू नका, नदीच्या वरच्या भागातही पाहा.

ओल्या लाकडी फळ्यांचे मार्ग आणि गटारावरच्या लोखंडी जाळ्या यांनाही हाच नियम: सरळ ओलांडा, वर असताना वळू नका.

आपली सायकल घ्यायची झाली तर

पाच-सहा रविवार सलग निघालात तर विकत घ्यायला हरकत नाही. गियरची हाव धरू नका, सात-आठ गियर पुरतात. टायर थोडे रुंद घ्या, पस्तीस-चाळीस मिलिमीटरचे, म्हणजे डांबर, सिमेंट आणि खडी तिन्ही निभावतं. मडगार्ड हवेतच, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर पाठीवर चिखलाची रेघ उमटते. डिकॅथलॉनमध्ये नवी मिळते. कॅरुसेल या जुन्या वस्तूंच्या ॲपवर परत मायदेशी निघालेल्या लोकांच्या चांगल्या सायकली अर्ध्या किमतीत मिळतात. तिथे घेताना चेनवर बोट फिरवून पाहा. या हवेत गंज फार लवकर चढतो, आणि बाल्कनीत वर्षभर उभी असलेली सायकल फोटोत नवी दिसते पण चेनच्या कड्या आखडलेल्या असतात. एकेक कडी वाकवून पाहा, अडकली तर चेन बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. घरी आणल्यावर पावसात भिजलेल्या दिवशी चेन फडक्याने पुसा आणि तेलाचा एक-एक थेंब सोडा.

घर लहान असेल आणि ट्रेनने परत यायचं असेल तर घडीची सायकल घ्या. छोट्या चाकांनी वेग कमी होतो, पण आपल्या कामाला ती पुरते.

पुढच्या वाटा

सपाट आणि निवांत हवं असेल तर पुंगोल. इथे ४.२ किलोमीटरचा खोदलेला जलमार्ग २०११ मध्ये खुला झाला, तो पुंगोल आणि सरंगून हे दोन जलाशय जोडतो. सेंगकांग, पुंगोल आणि आसपासची उद्यानं धरून २६ किलोमीटरचं पूर्ण वर्तुळ होतं, पण सगळं एकदम करायची गरज नाही. लाल पुलावरून लोरोंग हालुसला जा. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. आता पाणथळ जागा आहे, तळ्यांतली लव्हाळी कचराभूमीतून झिरपणारं पाणी गाळतात. पलीकडे कोनी आयलंड. वाट खडीची आणि वाळूची, भाड्याच्या सायकलला जड जाते. दरवाजे सकाळी ७ ला उघडतात आणि संध्याकाळी ७ ला बंद होतात, आत दिवे नाहीत, म्हणून साडेसहाच्या आत बाहेर या.

भारतातून आई-बाबा आले असतील किंवा मुलं लहान असतील तर ईस्ट कोस्ट पार्क. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची ही १५ किलोमीटरची किनारपट्टी आहे, सायकलची वाट चालण्याच्या वाटेपासून वेगळी आहे, आणि तासावर भाड्याने सायकली देणारी दुकानं आहेत. दोघांची जोडसायकलही मिळते. बाबांना तोल सांभाळायची काळजी नको असेल तर त्यांना मागे बसवा. शनिवार-रविवारी दुपारनंतर मात्र इथे नवशिक्यांची इतकी गर्दी होते की चालवणं अवघड होतं. रविवारी सकाळी आठच्या आत जा.

तिथूनच किनारा धरून पूर्वेला चांगीकडे जाता येतं, विमानतळाच्या धावपट्टीच्या कुंपणाजवळून. शेवटी टर्मिनल २ कडे वळणाऱ्या वाटेवर २०२० पासून डायनोसॉरचे पूर्णाकृती पुतळे उभे केले आहेत. सात-आठ वर्षांचं मूल त्यासाठी पूर्ण अंतर कुरकुर न करता चालवतं. या बाजूला सावली कमी आहे आणि वारा कधी कधी समोरून असतो, त्यामुळे टोपी आणि दुसरी बाटली हवी. टर्मिनलपाशी सायकलवाल्यांसाठी आंघोळीची सोय आणि भाड्याच्या सायकलींचा थांबा आहे. पोरं दमली तर सायकली तिथे ठेवून ट्रेनने परतता येतं, फक्त आधी बघून ठेवा की तुम्ही घेतलेली सायकल त्या दुकानात परत देता येते का.